आंब्याची वेबसाइट पावसाळ्यात लिहायला घ्या

दिवाळी उलटली, कलमांवर मोहोर दिसायला लागला की मला फोन येऊ लागतात. "ताई, यंदा वेबसाइट करायचीच. वाशीला दलालाकडे पेटी घालायची नाही, थेट गिऱ्हाइकाला द्यायची." मी रत्नागिरीत राहते आणि आसपासच्या लहान धंद्यांच्या वेबसाइट करून देते. त्यात आंबा बागायतदार सर्वात जास्त, मग कोकम-आमसुलंवाले, मसाले करणाऱ्या वहिनी, किनाऱ्यावरचे होम-स्टे. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट, रंग आणि लोगो यांचा विचार आत्ता नको. एक वही घ्या आणि फोनजवळ ठेवा. गिऱ्हाईक जे जे विचारतं ते त्याच्याच शब्दांत लिहून काढा. तुम्ही ज्या प्रश्नांची उत्तरं दिवसभर तोंडाने देत असता, तेच प्रश्न लोक रात्री अकरा वाजता गूगलला विचारत असतात. त्या वेळी तुमचा फोन बंद असतो. तुमची वेबसाइट उघडी असते, पण तिच्यावर उत्तर असेल तरच उपयोग.

रत्नागिरीजवळच्या पावस गावातल्या एका बागायतदार काकांचं उदाहरण सांगते. त्यांच्या जुन्या साइटवर वर मोठा सरकता फोटो आणि खाली मजकूर होता: "आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत. गुणवत्ता हेच आमचे ब्रीद." पुढे तीन परिच्छेद आंबा हा फळांचा राजा कसा आहे यावर. आंबा घ्यायला आलेल्या माणसाला हे माहीत असतं. त्याला काय हवं होतं ते काकांच्या वहीत उतरलं. पाच डझनाची पेटी केवढ्याला? आंबा पिकलेला येतो की कच्चा? पिकायला किती दिवस? पुण्यात घरपोच देता की ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर यायचं? कार्बाइड नाही ना? आणि साका, म्हणजे आतला गर न पिकता पांढरट, स्पंजासारखा राहिलेला, निघाला तर?

मग आम्ही दोघांनी बसून ते पान नव्याने लिहिलं. काका बोलत होते, मी टाइप करत होते. त्यातला एक तुकडा जसाच्या तसा देते: "आंबा झाडावर तयार झाला की काढतो आणि कच्चाच पाठवतो. पेटी आली की लगेच उघडा. फळं गवतात किंवा कागदावर एका थरात मांडा, फ्रीजमध्ये ठेवू नका. हवेच्या मानाने थोडं मागेपुढे होईल, पण साधारण आठवडाभरात आंबा पिकतो. साल पिवळी झाली म्हणून घाई करू नका, वास सुटू द्या. साका बाहेरून दिसत नाही, तो आम्हालाही कळत नाही. निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तितकी फळं बदलून देऊ."

या शेवटच्या दोन वाक्यांवर काका अडले होते. "आपणच साक्याचं नाव कशाला काढायचं?" असं त्यांचं म्हणणं. माझं मत ठाम होतं आणि आजही आहे. हापूस विकत घेणारा प्रत्येक माणूस साक्याला घाबरूनच पैसे पाठवतो. त्याची ती भीती तुम्ही त्याच्याआधी बोलून दाखवलीत, बदलून द्यायचं कबूल केलंत, की तो तुमच्याकडे वळतो. कार्बाइडचंही तसंच. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा "कार्बाइडमुक्त" एवढं म्हणून भागत नाही. तुमची आढी दाखवा. पेंढ्यात मांडलेल्या फळांचा, त्यावर वाकलेल्या माणसाचा फोनवर काढलेला साधा फोटो हा कुठल्याही विकतच्या चित्रापेक्षा जास्त बोलतो. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून तुमची नोंदणी झाली असेल तर प्रमाणपत्र साइटवर टाका. पल्प, लोणची, मसाले विकत असाल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, 14 आकडी क्रमांक ठळक द्या.

आता गूगलची बाजू. कित्येक साइट्सच्या पहिल्या पानाचं शीर्षक नुसतं "होम" असतं. गूगलच्या यादीत निळ्या अक्षरांत जी ओळ दिसते ती बहुतेक वेळा इथूनच उचललेली असते. तिथे "रत्नागिरी हापूस, पावसच्या बागेतून पुणे-मुंबईत घरपोच" असं काही असायला हवं. वस्तू, गाव, कुठे पोचवता, बस्स. प्रत्येक पानाला वेगळं शीर्षक द्या. दरांचं पान वेगळं, आंबा पिकवायचा कसा याचं पान वेगळं. आपल्या भागातले लोक शोधताना मराठी शब्दही रोमन अक्षरांत टाइप करतात, शिवाय मुंबईत बिगरमराठी गिऱ्हाईकही मोठं आहे. म्हणून मराठी पान आणि इंग्रजी पान अशी दोन करा, आणि इंग्रजी पान यंत्राकडून भाषांतर करून तसंच चिकटवू नका. कुणाकडून तरी वाचून घ्या.

आंबेवाल्यांनी तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. जूनमध्ये पाऊस लागला की अनेकजण साइट बंद करून टाकतात किंवा पान काढून टाकतात आणि फेब्रुवारीत नवं करतात. हे फार नुकसानीचं आहे. गूगलला एखादं पान सापडायला, त्यावर भरवसा बसायला काही महिने जातात. इतरांनी तुमच्या पानाचे दुवे दिलेले असतात, जुन्या गिऱ्हाइकांनी ते जपून ठेवलेलं असतं. पान काढलं की ते सगळं वाया. पानाच्या पत्त्यात वर्षही घालू नका. तोच पत्ता ठेवा, आतला मजकूर बदला. हंगाम संपला की लिहा: "यंदाचा आंबा संपला. पुढच्या हंगामाची पहिली पेटी निघेल तेव्हा कळवायला हवं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर नाव पाठवा." खाली व्हॉट्सअ‍ॅपचा दुवा द्या. त्यात मेसेज आधीच भरून ठेवता येतो, गिऱ्हाइकाला फक्त पाठवायचं बटण दाबायचं राहतं. अशी नावं पावसाळाभर जमत राहतात आणि मार्चमध्ये जाहिरातीवर एक रुपया घालण्याआधी तुमच्याकडे यादी तयार असते.

डोमेनबद्दल, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या पत्त्याबद्दल, मात्र मी जरा कडक बोलते. ते तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर, तुमच्याच फोन नंबरवर हवं. साइट करून देणाऱ्याच्या नावावर नको, माझ्याही नावावर नको. एका मसालेवाल्या वहिनींचं डोमेन ज्याने साइट केली त्याच्याच खात्यात होतं. त्याने धंदा बदलला, फोन उचलेना, नूतनीकरणाची तारीख गेली आणि पुड्यांवर छापलेला पत्ता बंद पडला. छापलेल्या पुड्यांवर चिकटपट्ट्या लावत त्यांना तो हंगाम काढावा लागला. वर्षाला हजार रुपयांच्या आसपासची वस्तू, पण धंद्याचं नाव तिच्यावर टांगलेलं असतं. फुकटच्या जागेवर अवलंबून राहणाऱ्यांचंही तेच. गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी तुमच्या धंद्याची नोंद, तिच्याबरोबर फुकट मिळणारी छोटी वेबसाइट कितीतरी दुकानदारांनी केली होती. मार्च 2024 मध्ये गूगलने ती सोयच बंद केली. फेसबुक-इन्स्टाग्रामवर जरूर असा, पण स्वतःच्या नावाचा एक पत्ता असू द्या.

बिझनेस प्रोफाइल मात्र आजही फुकट आहे आणि होम-स्टेवाल्यांना तर तिच्यासारखी दुसरी सोय नाही. नकाशावरची खूण स्वतः जाऊन तपासा. कोकणात वाडीच्या वाटेवर खूण शंभर मीटर चुकली तरी पाहुणा दुसऱ्याच्या अंगणात गाडी लावतो. घरूनच माल पाठवत असाल, लोकांनी दारात यायला नको असेल, तर पत्ता लपवून फक्त कुठे माल पोचवता तो भाग दाखवता येतो. अभिप्राय विकत घेऊ नका. गूगलच्या नियमांत ते बसत नाही, आणि वाचणाऱ्याला एकाच दिवशी पडलेले पाच-पाच तारे ओळखता येतात. त्यापेक्षा पेटी पोचल्यावर आठवड्याने गिऱ्हाइकाला विचारा, "आंबा कसा निघाला?" उत्तर काहीही आलं तरी अभिप्रायाचा दुवा पाठवा. वाईट अभिप्राय आला तर दोन ओळींत नम्रपणे उत्तर द्या. पुढचा माणूस तक्रारीपेक्षा तुमचं उत्तर वाचतो.

फोटोंचं वजन बघा. आजच्या फोनवरचा एक फोटो चार-पाच एमबीचा सहज असतो. असे दहा फोटो पानावर टाकले की ते उघडेपर्यंत माणूस परत फिरतो. दोनशे केबीच्या आत आणून मग चढवा. साइट तयार झाली की ऑफिसच्या वायफायवर बघू नका. नेट रेंगाळतं अशा ठिकाणी उभं राहून साध्या फोनवर उघडा.

जाहिरात शेवटी. पान नीट नसेल तर गूगल अ‍ॅड्सचा पैसा म्हणजे गळक्या हंड्यात पाणी. पान नीट झालं की मग थोड्या रकमेपासून सुरुवात करा, आणि सुरू करतानाच दोन गोष्टी बघा. एक, नको असलेले शब्द. "हापूस" या शब्दावर जाहिरात लावली की हापूसचं कलम, रोपं, आमरसाची कृती, आंब्याचा फोटो शोधणारेही त्यावर क्लिक करतात आणि प्रत्येक क्लिकचे पैसे तुमच्या खात्यातून जातात. कलम, रोप, नर्सरी, रेसिपी, फोटो हे शब्द मराठीत आणि रोमनमध्ये वगळायच्या यादीत घाला. दोन, ठिकाण. गूगलची मूळ मांडणी त्या शहरात असलेल्यांबरोबरच त्या शहरात रस दाखवणाऱ्यांनाही जाहिरात दाखवते. पुण्यातच पेटी पोचवणार असाल तर सेटिंग बदलून पुण्यात असलेल्यांपुरतीच ठेवा.

आणि "गूगलमधून बोलतोय, तुमची साइट पहिल्या नंबरला आणून देतो" असा फोन आला तर ठेवून द्या. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच सांगतं.

काय चाललं ते कळायला गूगलचं सर्च कन्सोल हे साधन साइटला जोडून घ्या, तेही फुकट आहे. लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले ते शब्द त्यात दिसतात आणि 16 महिन्यांची माहिती राहते, म्हणजे यंदाचा एप्रिल गेल्या एप्रिलशी ताडून बघता येतो. काकांच्या साइटवर दरांच्या पानाइतकेच लोक "आंबा कसा पिकवायचा" या पानावर येतात, हे आम्हाला तिथेच कळलं. मग त्या पानाच्या तळाशीही पेटी मागवायचं बटण लावलं. याच्या जोडीला वहीत एक रकाना वाढवा, फोन करणाऱ्याला "आमचा नंबर कुठे मिळाला?" विचारा आणि उत्तर लिहा.

गूगलला पान सापडायला वेळ लागतो, म्हणूनच माझा बागायतदारांना आग्रह असतो की मोहोराची वाट बघू नका. जुलै-ऑगस्टमध्ये बागेत कामं कमी असतात, गेल्या हंगामातले प्रश्न डोक्यात ताजे असतात. तेव्हा पानं लिहून साइट सुरू करून ठेवलीत तर फेब्रुवारीत लोक शोधायला लागेपर्यंत गूगलने ती वाचलेली असते. दर तेवढे शेवटी टाकायचे, पहिली तोडणी झाल्यावर.