कुलाबा स्टेशनला जाऊन आलो

आम्ही ठाणेकर रेल्वेच्या बाबतीत जरा ताठच. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून आमच्याकडेच आली ना! त्यामुळे ‘चला, कुलाबा स्टेशन बघून येऊ’ म्हटल्यावर बाबा हसले. ‘अरे, ते १९३० सालीच बंद झालं.’ पण शनिवारी सकाळी चहाचा थर्मास घेऊन दारात आधी तेच उभे. (रविवारी मेगाब्लॉकचा भरवसा नाही, शनिवारच बरा.)

ठाण्याहून फास्टनं सीएसएमटी, तिथून भुयारी मेट्रोनं कफ परेड. मेट्रोचं तिकीट वेगळं, लोकलचा पास चालत नाही. वर आल्यावर मच्छीमार नगर विचारा. बोंबलाचा वास बाकीचा रस्ता दाखवतो. समोरच बधवार पार्क, रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत. स्टेशन होतं ते इथं.

फाटकावर रखवालदारानं विचारलं, ‘काका, कोणाकडे?’

‘स्टेशनला.’

‘चर्चगेट तिकडं राहिलं.’

आत सोडत नाहीत, हट्ट करू नका. तशीही स्टेशनची एक वीट दिसायची नाही.

मग फुटपाथवरच थर्मास उघडला आणि बाबा सुरू झाले. कापसाचा मोठा बाजार तेव्हा कुलाब्यात होता; गुजरातचा कापूस घेऊन बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वे कंपनीचे रूळ इथवर आले. (तो बाजार पुढं शिवडीकडे गेला. हार्बरचं कॉटन ग्रीन, ते नाव त्याचंच.) १८९६ मध्ये स्टेशनची नवी इमारत झाली. रुळांच्या पश्चिमेला थेट समुद्र. ५ जानेवारी १९२८ ला विजेची लोकल कुलाबा ते बोरिवली धावू लागली आणि तीन वर्षंही झाली नाहीत तोच, ३१ डिसेंबर १९३० ला, स्टेशनला टाळं! त्याच महिन्यात मुंबई सेंट्रल सुरू झालं होतं, लांबच्या गाड्या तिकडे गेल्या. बॅकबेच्या, म्हणजे इथल्या समुद्राच्या, भरावासाठी इथली जमीन सरकारला हवी होती. समुद्रकाठचं स्टेशन गेलं ते लाटांनी नव्हे, मातीनं. मला हेच सगळ्यात विचित्र वाटलं.

वेळ असेल तर १८७५ चा ससून डॉक पायी गाठता येतो. फक्त चांगले बूट घालून जाऊ नका. आम्ही मात्र उलटे, चर्चगेटला चालत निघालो. बाबांच्या चालीनं अर्धा तास लागला. स्टेशनासमोरची बीबीसीआयची १८९९ ची कचेरी रस्त्यावरूनच बघितली, तिथं आता पश्चिम रेल्वेचं मुख्यालय आहे.

आत शिरलो तर बाबा गाडी सोडून रुळांच्या टोकाला, बफरपाशी जाऊन थांबले. दक्षिणेकडे बोट करून म्हणाले, ‘एकच स्टेशन राहिलं होतं बघ.’