चार पट्ट्या आणि करवतीचं पातं
आज वाशीत पुस्तकांचं शेल्फ उभं राहिलं. प्लॅन नेटवरचा, सगळा फूट-इंचात. ८ बाय ४ फुटांच्या प्लायवूड शीटमधून त्यात फूटभर रुंदीच्या चार पट्ट्या दाखवल्यात. निघत नाहीत! पातं दर कापाला साधारण ३ मिमी खातं. शीटच्या १२२० मिमी रुंदीत ३०२ च्या चार धरायच्या. प्लायच्या कडेत स्क्रू मारण्याआधी ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर थर फुटतात. ९०० मिमी लांब फळी १८ मिमी प्लायची असली तरी पुस्तकांनी वाकते. ७५० पुरे, शिवाय पुढच्या कडेला ४० मिमीची उभी सागवानी पट्टी. फेविकॉल ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तरच चौकट काटकोनात. दुकानदार ‘कमर्शियल (साधं प्लाय) चालेल’ म्हणतोच. खाडीकाठच्या दमट हवेत आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का बघूनच घ्या.