रिकाम्या नळीचा निकाल

कोयनेच्या खडकात जीवाणू शोधायचं काम मिळालं, तेव्हा मी पाटणला घरी होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आमच्याकडे अजून घरोघरी सांगितला जातो. धरणाजवळ असे भूकंप का होतात हे समजून घ्यायला इथे खोल विंधनविहिरी घेतल्या गेल्या. गोठणे इथली विहीर २०१७ मध्ये ३ किलोमीटरपर्यंत पोहोचली. जन्मापासून पायाखाली असलेला आमचा काळा कातळ तिथे सुमारे सव्वा किलोमीटरवर संपतो आणि खाली थेट ग्रॅनाइट लागतो. कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, तर ग्रॅनाइट अडीच अब्ज वर्षांहून जुना. साताऱ्यात आयुष्य काढलेल्या माणसालाही तो कुठे दिसत नाही.

माझ्या वाट्याला आलेला कोअरचा, म्हणजे विहिरीतून काढलेल्या खडकाच्या दांड्याचा, तुकडा मनगटाएवढा जाड, वीतभर लांब होता. करडा रंग, मध्ये गुलाबी दाणे आणि एका कडेने गेलेली बारीक पांढरी रेघ. उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधून काढून सरांनी तो क्षणभर दाखवला आणि परत आत ठेवला. म्हणाले, "दोन महिने याला हात लावायचा नाही. आधी रिकामी नळी रिकामी ठेवून दाखव."

रिकामी नळी म्हणजे ब्लँक. दगड सोडून बाकी सगळं तसंच करायचं आणि शेवटी काहीही सापडता कामा नये. परसातल्या चिमूटभर मातीत कोट्यवधी जीवाणू असतात. खोल ग्रॅनाइटमध्ये इतके थोडे, की माझ्या बोटावरचे चारदोन मिसळले तरी तेच जास्त भरतील. मग कागदावर कोयनेचा जीवाणू म्हणून नोंदला जाईल तो माझ्या कातडीवरचा.

पहिल्या खेपेला ब्लँकमध्ये ठळक बँड आला, म्हणजे जेलवर डीएनए असल्याची पट्टी दिसली. दुसऱ्या खेपेलाही आला. त्या रात्री मी रडले. दोष माझ्या हाताचा आहे अशीच माझी खात्री झाली होती. खरं कारण नंतर कळलं. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेतून, निघालेली नळी निर्जंतुक असते, पण मेलेल्या जीवाणूंचा डीएनए तिच्यात उरू शकतो, आणि डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पीसीआर चाचणीला तेवढा पुरतो. इतकी वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकून हा फरक मला कधी कुणी सांगितला नव्हता. मग काच आणि स्टील भट्टीत तापवून घेतलं, ओटा ब्लीचने पुसला, रात्रभर अतिनील दिवा लावून ठेवला. तरीही पुसटसा बँड राहिलाच. तो डीएनए वेगळा करायच्या तयार किटमधल्या रसायनांतून येत होता. तेही पूर्ण स्वच्छ नसतं. म्हणून दगड आणि ब्लँक यांना एकाच बॅचचं किट वापरायचं ठरलं. एकदा मधेच दुसऱ्या बॅचची बाटली उघडली आणि तीन आठवड्यांचं काम बाद झालं.

पाचव्या महिन्यात एकदाचा दगड बाहेर आला. कोअरच्या बाहेरच्या थराला ड्रिलिंगचं पाणी लागलेलं असतं, त्यामुळे तो आधी ज्योतीवर तापवलेल्या छिन्नीने सगळा उडवला. आतला गाभा स्टीलच्या खलात कुटला. ग्रॅनाइट सहजी कुटला जात नाही. संध्याकाळपर्यंत खांदे भरून आले. पेशी फुटल्या की त्यांचा डीएनए खडकाच्या भुकटीलाच चिकटून बसतो, म्हणून आधी फॉस्फेटचं द्रावण घालून त्या चिकटायच्या जागा भरून टाकाव्या लागतात. सोबत ड्रिलिंगच्या पाण्याचा नमुनाही तपासायचा, कारण त्यातले जीवाणू यादीतून वगळायचे असतात.

बाबा फोनवर विचारायचे, "तिथं खाली ते खातात तरी काय?" मला हा प्रश्न फार आवडतो. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम असतं. त्यांच्या किरणोत्सारामुळे भेगांतलं पाणी फुटतं आणि हायड्रोजन सुटतो. दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीत, २.८ किलोमीटर खोल, त्या हायड्रोजनवर आणि सल्फेटवर जगणारा जीवाणू सापडला, त्याचा शोधनिबंध २००८ चा. तिथल्या पाण्यात जवळजवळ तो एकटाच होता. ऊन नाही, हवा नाही, शेजारीसुद्धा नाही! हे बाबांना सांगताना माझ्याच अंगावर काटा आला.

आठव्या महिन्यात जेलच्या फोटोत ब्लँकची जागा काळी दिसली आणि शेजारी दगडाच्या रांगेत अगदी फिकट बँड. मी आधी ब्लँककडेच बघत राहिले.

तरी हा डीएनए अडीच अब्ज वर्षांपूर्वीचा नव्हे. डीएनए इतका टिकत नाही. ग्रीनलंडच्या गाळातून मिळालेला २० लाख वर्षांपूर्वीचा, तोच आजवरचा सर्वांत जुना. म्हणजे हे कधीतरी पाण्याबरोबर खाली गेलेल्यांचे वंशज असणार. जुन्यांची खूण शोधायची तर खनिजात शोधावी लागते. स्वीडनच्या ग्रॅनाइटमधल्या भेगांत कॅल्साइट हे असंच एक खनिज सापडलं. त्यात कार्बनचं हलकं रूप, म्हणजे हलका आयसोटोप, इतकं जास्त, की मिथेन खाणाऱ्या सूक्ष्मजीवांशिवाय त्याचा उलगडा होत नाही.

म्हणून ती पांढरी रेघ मी कोअर फोडण्याआधीच वेगळी कापून ठेवली होती. तिच्या कणावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला तेव्हा फेस आला, म्हणजे कॅल्साइटच. आता तिचे चार दाणे आयसोटोप मोजायला जायचे आहेत. कुप्यांवर लेबलं लावून झाली. पाच कुप्या आहेत, आणि पाचवी रिकामी आहे.