टोचन

परवा भर दुपारी नो पार्किंगमधून माझी स्कूटर उचलली. चूक माझीच. पण दोन पोरांनी ती ज्या सफाईनं टेम्पोवर चढवली, ते बघून ओरडायचंही राहून गेलं. कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला, "टोइंगवाले नेतायत, पळा!"

टोइंग! आमच्या लहानपणी त्याला टोचन म्हणायचे. टो-चेनचं टोचन झालं म्हणे. असेल. बंद पडलेल्या गाडीच्या नाकात हुक अडकवायचा, तर शब्दाला थोडं टोक हवंच.

आणि टोचन म्हटलं की मला खोपोलीचे क्रेनवाले काका आठवतात. घाटात स्वतःची क्रेन ठेवणारे पहिले तेच, असं तिथले ट्रकवाले मानानं सांगत. क्रेन म्हणजे काय, तर मिलिटरीच्या लिलावातला जुना ट्रक, मागं लोखंडी खांब आणि चेनकुप्पी.

मी तिसरीत असताना घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाच्या जरा वर आमची फियाट बसली. क्लचप्लेट गेली होती. बाबा त्या दिवशी शिंग्रोबाला आठ आणे टाकायला विसरले होते, हे आईनं पुढं वीस वर्षं ऐकवलं. काका आले, वाकून खाली बघितलं, दोर बांधला. मग खांद्यावरचा लाल पंचा काढून दोराच्या बरोबर मध्यावर त्याची गाठ मारली.

"लोकांना दोर दिसत नाही हो. दोन गाड्या दिसतात, मग मधनं घुसतात." आणि बाबांना म्हणाले, "साहेब, रस्त्याचं मी बघतो. तुम्ही पंचाकडं बघा. खाली लोंबला की हलका ब्रेक."

जन्मात कुणाचं न ऐकलेले बाबा लोणावळ्यापर्यंत एका पंचाकडं बघत गेले. मागच्या सीटवरून मीही.

पुढं कधीतरी वाचलं, की अमेरिकेत चॅटानूगा गावच्या अर्नेस्ट होम्स नावाच्या गॅरेजवाल्यानं १९१६ साली ओढ्यात पडलेली एक गाडी माणसं, दोर नि ठोकळे लावून कशीबशी बाहेर काढली. त्या दमछाकीनंतर त्यानं आपल्या १९१३च्या कॅडिलॅकवर तीन खांब, कप्पी नि साखळी बसवली. वाचताना मला तोही लुंगीत दिसायला लागला. त्या गावात आता टोइंगचं चांगलं संग्रहालय आहे. आमच्या काकांचा ट्रक किलोवर गेला असणार.

काका गेल्याचं मला फार उशिरा कळलं, तेही खोपोलीत टायरमध्ये हवा भरताना. हवा भरणारा मुलगा मीटरवरची नजर न हलवता म्हणाला, "ते होय? दोन वर्षं झाली की."

स्कूटर दंड भरून सोडवली. ते जाऊ दे.

पंचा मात्र त्या दिवशी गडबडीत आमच्याच गाडीत राहिला. आईनं तो धुतला, घडी घातली नि पुढच्या खेपेला द्यायचा म्हणून डिकीत ठेवला. त्यानंतर घाट कितीदा चढलो, याची गणती नाही. फियाट विकायच्या आदल्या दिवशी डिकी रिकामी केली, तेव्हा स्टेपनीखाली ती घडी तशीच होती.