चपड्याचा वास

इंग्लंडमधल्या एका संग्रहालयात मी जीवाश्मांची डागडुजी करते. त्या दिवशी टेबलावर परातीएवढा एक तुकडा होता, ग्लिप्टोडॉन या नामशेष झालेल्या अवाढव्य प्राण्याच्या पाठीच्या कवचाचा. एकोणिसाव्या शतकात अर्जेंटिनाच्या पम्पास या गवताळ मैदानांतून बोटीने आलेला. एका संशोधिकेला डीएनएसाठी नमुना हवा होता, दुपारी ड्रिल करायचं ठरलेलं. 2016 साली डोएडिक्युरस या त्याच्या भाऊबंदाच्या कवचातून डीएनए मिळाला आणि हे सगळं कूळ आर्माडिलोंच्याच, म्हणजे अमेरिकेतल्या छोट्या कवचधारी प्राण्यांच्याच घरातलं निघालं, तेव्हापासून अशा मागण्या येतात.

आईला मागे फोटो पाठवला होता, तर म्हणाली, "अगं, हे तर आपलं खवले मांजर!" तसं वाटतं खरं, पण नातं काही नाही. खवले मांजराचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे, हे मात्र अस्सल हाड. हजाराहून जास्त जाडजूड चकत्या एकमेकींत रुतलेल्या. आर्माडिलोच्या पाठीवर हलणारे पट्टे असतात. छोट्या मोटारीएवढ्या ग्लिप्टोडॉनची पाठ मात्र एकसंध घुमट. प्रत्येक चकतीवर मधे एक गोल आणि भोवती पाकळ्या.

आमच्या क्युरेटरनी सगळ्यात शाबूत, देखण्या चकतीवर पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती. माझं काम एवढंच, की वरचा जुना काळपट थर काढायचा. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून फिरवला आणि थेट गिरगावात पोचले. ताईच्या लग्नाआधी पॉलिशवाला आमच्या चाळीच्या गॅलरीत बसून कपाटाला चिंधीने चपडा चोळत होता, तोच वास! एकोणिसाव्या शतकात जीवाश्म घट्ट करायला सर्रास हाच चपडा, म्हणजे लाख, पाजत. ती बहुधा आपल्याच जंगलांतली असणार.

बोळा तपकिरी होत गेला. फुलीवाल्या चकतीवर मात्र लाखेखालून पांढरं डोकावलं. अतिनील दिवा लावला. लाख नारिंगी चमकली, पण ती चकती शेजारणींहून निराळीच दिसत होती. कडेला सुरीने जरासं खरवडलं. हाड असतं तर आत स्पंजासारखी जाळी दिसली असती. इथे बारीक बुडबुडे. प्लास्टर!

मग भिंगाखाली पाकळ्या मोजत बसले. खऱ्या चकत्यांत कुठे आठ, कुठे दहा, एखादी दबलेली, एखादी वाकडी. हिच्या नऊच्या नऊ पाकळ्या साच्यातून काढल्यासारख्या. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणा कारागिराने भोक बुजवताना निसर्गापेक्षा नीटनेटकं काम केलं होतं, आणि आम्ही सगळे त्यालाच भुललो होतो. मीही, उगाच का खोटं बोलू?

क्युरेटर आले, वाकून बघितलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी कोपऱ्यातल्या टवका उडालेल्या, कुणी ढुंकून बघितलं नसतं अशा चकतीला ड्रिल लावलं. भुकटी निघाली ती हाडाचीच.

नोंदवहीत मी लिहिलं, "डावीकडून चौथी, प्लास्टर." फुली क्युरेटरनी स्वतःच खोडरबरने पुसली.