घोडबंदरच्या टेकडीवरचा वाडा

ठाणेकरांना घोडबंदर म्हटलं की आठवते ती वाहतूक कोंडी. ज्या गावामुळे या रस्त्याला नाव मिळालं, तिथला किल्ला पाहिलेले लोक मात्र फार थोडे. रविवारी सकाळी आम्ही तो निवांत पाहून आलो, आणि जाणाऱ्यांना एकच सांगणं आहे: किल्ला म्हणून नका, वाडा म्हणून बघा.

कारण हा आधी एका धनाढ्य पोर्तुगीज सरदाराच्या राहण्याची जागा होता. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर १६७५ साली इकडून गेला. मार्टिन अल्फोन्सोचं सुबक गाव आणि त्याच्या माथ्यावर त्याचं घर, गढी आणि चर्च असल्याचं त्याने लिहून ठेवलंय. गोव्याच्या अलीकडे याच्याइतका श्रीमंत पोर्तुगीज नाही, अशी त्याची ख्याती होती. १७३७ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत हे ठाणं मराठ्यांकडे आलं. पुढे इंग्रजी अमदानीत जिल्ह्याच्या कलेक्टरचा मुक्काम इथे असे. म्हणजे सत्ता बदलत गेल्या, पण राहायला टेकडी प्रत्येकाने हीच निवडली.

का निवडली, ते वर गेल्याशिवाय कळत नाही. चढ जेमतेम आहे, लहान मुलंही सहज चढतात. वर पोचलात की आधी इमारतीत शिरू नका, खाडीच्या बाजूला जाऊन उभे राहा. उल्हास नदीचं पाणी इथून वसईकडे जातं. ठाण्याहून वसईला जाणारं गलबत या टेकडीखालून गेल्याशिवाय पुढे सरकायचंच नाही. ज्याच्या हातात ही टेकडी, त्याच्या हातात खाडी. वसई घ्यायला निघालेल्या मराठी फौजेला घोडबंदर मागे सोडून चाललं नसतं, ते इथे उभं राहिलं की आपसूक पटतं.

मग आत या. घुमटाखाली थोडा वेळ थांबा. डोळे अंधाराला सरावले की भिंती बोलायला लागतात. गिलावा जिथे पडलाय तिथे आतलं बांधकाम उघडं दिसतं: ओबडधोबड काळा दगड आणि मधे चुना. नंतरची डागडुजी रंगावरून लगेच ओळखू येते. मी तर एका कमानीसमोरच बराच वेळ काढला. त्याच कमानीच्या बगलेला कुणीतरी किल्लीने बदाम आणि नाव कोरलंय. खूप वाईट वाटलं. मुलांना घेऊन जाल तेव्हा भिंतीला हात लावण्याआधीच दोन शब्द सांगा.

जायचं कसं? ठाणे स्टेशन पश्चिमेहून बोरिवली किंवा मीरा रोडकडे जाणाऱ्या बस याच रस्त्याने जातात. माजिवडा, कासारवडवली, ओवळा, मग गायमुखचा घाट, आणि तो उतरला की घोडबंदर गाव. कंडक्टरला आधीच सांगून ठेवा. मीरा रोड स्टेशनहून रिक्षाही परवडते. स्वतःची गाडी असेल तर सकाळी सातच्या आत गायमुख ओलांडा, नंतर अवजड गाड्यांच्या मागे अडकायला होतं.

पाण्याचं विचारलं तर गावातले एक काका म्हणाले, "वर काय नाय मिळायचं, इथूनच भरून न्या." तसंच करा. टोपी घ्या, वर सावली कमी आहे. पावसाळ्यात टेकडी हिरवीगार होते, पण दगडांवर शेवाळ धरतं. चांगल्या पकडीचे बूट हवेतच. पडक्या भिंतींवर चढून फोटो काढू नका. डागडुजीची कामं निघतात तेव्हा काही भागात सोडत नाहीत, अशा वेळी तिथल्या माणसाशी हुज्जत घालू नका.

किल्ला बघायला दीड-दोन तास पुरतात. त्याच दिवशी वसईचा किल्लाही करायचा असेल तर वरसाव्याचा पूल ओलांडून पुढे बापाणे फाट्यावरून नायगावमार्गे वळा. आधी घोडबंदर, मग वसई, याच क्रमाने जा. १७३७ ते १७३९ ची मोहीमही ठाण्याकडून वसईकडेच सरकली होती.