मिस्त्रीकाका

सोमवार, रात्रीचे अकरा

कूलरमध्ये दोनदा पाणी टाकून झालं, झोप काही येत नाही. सकाळी गंगाबाई घाटावरून आलो, आंघोळ केली, ऑफिसलाही जाऊन आलो. दिवसभर काय केलं ते विचारलं तर सांगता येणार नाही.

बंदुका दुरुस्त करणारे मिस्त्रीकाका गेले. चौऱ्याहत्तर वय होतं. घाटावर बँकेचे दोन गार्ड ड्युटीच्या कपड्यातच आलेले, काटोलकडचे तीन-चार शेतकरी, आणि शूटिंग रेंजवरची पोट्टी, जी एरवी एका जागी पाच मिनिटं उभी राहत नाहीत. ही माणसं एकमेकांना ओळखतही नव्हती. प्रत्येकाची बंदूक मात्र कधी ना कधी त्या एकाच टेबलावर उघडली गेली होती.

माझी पहिली भेट म्हणजे फजितीच. नवी एअर रायफल घेतली होती आणि कौतुकाने तिला शिलाई मशीनचं तेल पाजलं होतं, चांगलं सढळ हाताने. पहिल्याच छर्‍याला फाडकन आवाज, नळीतून धूर. घाबरून नागपुरात महाल भागातल्या त्यांच्या दुकानात नेली. काकांनी आधी ती मधोमध मोडून उघडली, आत छर्रा नाही ना ते पाहिलं, मग नळीचं तोंड नाकाशी नेलं.

"फोडणी देऊन राहिला का बे?"

मग समजावून सांगितलं. आतला दट्ट्या झटक्यात पुढे येतो, हवा दाबली जाते, तापते, आणि तेल जास्त असलं की ते पेट घेतं. चामड्याच्या वायसरला लागतं थेंबभर. "कढई आहे का हे?" त्या दिवशी त्यांनी पैसे घेतले नाहीत. चार गिऱ्हाइकांना ती गोष्ट सांगून वसूल केले.

बंदूक हातात घेतली की आधी उघडून पाहायची, हा त्यांचा नेम. मिनिटभरापूर्वी स्वतःच पाहिलेली असली, चहा प्यायला खाली ठेवून परत उचलली, तरी पुन्हा उघडणार. कोणी हसलं तर हसू द्यायचे.

१९७२ च्या कायद्याने शिकार जवळपास बंद झाली तेव्हा वडिलांनी त्यांना दुसरा धंदा पाहायला सांगितलं होतं म्हणे. हे राहिले. राहिलेलं काम म्हणजे गार्ड लोकांच्या बारा बोअर, आणि आचारसंहितेत ठाण्यात जमा करून परत आणलेल्या बंदुका. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुका झाल्या. "यंदा गंजानं पोट भरलं," म्हणाले होते.

पण त्यांचा जीव होता एअर पिस्तूलमध्ये. दहा मीटर, एक हात खिशात, साठ शॉट, सव्वा तास. साठी उलटल्यावरही वयस्कांच्या गटात उतरायचे. त्या पिस्तुलाचा चाप ओढायला किमान पाचशे ग्रॅमचा जोर लागावा, असा नियम. स्पर्धेआधी चापाला वजन अडकवून पिस्तूल वर उचलतात, घोडा सुटला की बाद. काकांनी त्यासाठी पितळेचं स्वतःचं वजन केलं होतं. इतवारीत एका सराफाकडे काट्यावर घालून, कानशीने घासत घासत बरोबर पाचशेवर आणलेलं. पोट्ट्यांच्या पिस्तुलांना स्पर्धेच्या आदल्या दिवशी ते लटकवून पाहायचे. एखाद्याचं त्यात बाद झालं की त्याला रागावत नसत, चष्मा कपाळावरून खाली ओढून स्क्रूड्रायव्हर घ्यायचे. फुकट. (त्यांची बायको या फुकटावरून काय बोलायची ते इथे लिहीत नाही.)

मला पिस्तूल कधी जमलं नाही. शॉट गेला की माझा हात लगेच खाली. "गोळी गेली म्हणून पाहणं सोडतं का? दोन आकडे मोज." मी मोजायचो, तेही घाईघाईने.

अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला सुवर्ण जिंकलं तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीत संत्रा बर्फी वाटली होती. गेल्या खेपेला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेला कांस्य मिळालं, तेव्हाही वाटली. दोन्ही वेळी तक्रार तीच: "पोट्ट्याचं नाव येते, कोचचं येते. बंदूक कोणं जमवली, ते कोणीच विचारत नाही." तक्रार करताना चेहरा मात्र असा, की बंदूक जणू यांनीच जमवून दिली होती.

शनिवारी माझी रायफल आणायला गेलो होतो. वायसर बदलायला टाकली होती. काका जेवायला घरी गेलेले. पुतण्याने कापडात गुंडाळून दिली. ऊन फार होतं. येतील आत्ता, बसा, म्हणाला. मी बसलो नाही.

आज रात्री ते कापड सोडलं. आधी मोडून आत पाहिलं. चापाच्या कडीला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर त्यांच्या तिरक्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं:

"वायसर नवा. तेल देलं आहे. तू देऊ नको."

पैशाचा आकडा लिहिलेला नाही. पुतण्याला विचारायला हवं.